दारोदारचं सर्वेक्षण: पहिल्या प्रशिक्षणापासून शेवटच्या कुलूपबंद घरापर्यंत

डिसेंबर महिना, बीड जिल्ह्यातला केज तालुका. माझ्या हातात 22 घरांची यादी होती आणि त्यातल्या 9 दारांना कुलूप होतं. यादी सप्टेंबरात झाली तेव्हा ही घरं नांदती होती. दिवाळीनंतर मंडळी कोयते घेऊन ऊसतोडीला गेली. माझ्याबरोबर पहिल्यांदाच फिल्डवर आलेली मुलगी म्हणाली, "ताई, शेजारच्या घरात माणसं आहेत. तेच घेऊ या ना, फॉर्म तर भरायचाय." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. संध्याकाळची एसटी चुकेल एवढीच तिला भीती होती. पण त्या 9 कुलपांच्या जागी आम्ही घरात सापडलेली 9 कुटुंबं घेतली असती, तर कागदावर त्या गावात ऊसतोडीला जाणारं जवळजवळ कुणी उरलंच नसतं. आणि ते गाव तर ऊसतोडीवरच जगतं.

हा लेख त्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्या नव्याने या कामात येणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. मी सोळा वर्षं घरोघरी फिरून प्रश्न विचारते आहे. शिकवणाऱ्यांनी जे शिकवलं ते पहिल्या आठवड्यात संपलं. बाकीचं लोकांच्या उंबऱ्यावर बसून शिकले. तेच जमेल तितकं क्रमाने सांगते.

आधी ओळखा, तुम्ही कोणतं सर्वेक्षण करणार आहात

बाहेरच्यांना सगळी सर्वेक्षणं सारखीच दिसतात. काम करणाऱ्याला मात्र ढोबळमानाने तीन प्रकार वेगळे कळायला हवेत.

पहिला प्रकार सरकारी नमुना सर्वेक्षणांचा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण 1950 मध्ये सुरू झालं. त्यामागे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस होते. त्यांच्याच अध्यक्षतेखाली 1949 मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ सदस्य होते, हे आपल्याकडच्या फार थोड्या जणांना ठाऊक असतं. श्रमशक्ती सर्वेक्षण, म्हणजे आपण ज्याला पीएलएफएस म्हणतो ते, याच परंपरेतलं. ते एप्रिल 2017 पासून चालू आहे आणि त्यात एकाच कुटुंबाकडे चार वेळा जावं लागतं. 2025 पासून या फेरभेटी गावांतही होतात. कौटुंबिक खर्चाच्या 2022-23 च्या सर्वेक्षणात तीन प्रश्नावल्या होत्या आणि त्यांसाठी तीन वेगवेगळ्या भेटी. अशा कामात पहिल्या भेटीत घाईने वागलात, तर पुढच्या भेटीत दार उघडणार नाही.

दुसरा प्रकार आरोग्याचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 1992-93 मध्ये पहिल्यांदा झालं. त्याचं काम मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून चालतं. 2019-21 च्या पाचव्या फेरीत देशभरात 6 लाख 36 हजारांहून जास्त कुटुंबांची माहिती गोळा झाली. इथे टीम मोठी असते, मुक्काम लांबतो, बायकांची मुलाखत बायकाच घेतात आणि उंची, वजन, रक्ताचे थेंब असं मोजमापही असतं.

तिसरा प्रकार बाजार संशोधनाचा: साबण, मोबाईल, टीव्ही, पेपर. इथे सुरुवातीलाच घराचा वर्ग ठरवतात. 2011 पासूनच्या पद्धतीत दोन गोष्टी पाहतात. मुख्य कमावत्याचं शिक्षण किती आणि ठरलेल्या 11 गोष्टींपैकी घरात किती आहेत. वीजजोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, फ्रिज, शेतजमीन वगैरे त्या यादीत येतात. या कामाचा वेग जास्त असतो आणि 'कोटा', म्हणजे मुलाखतींचा ठरवून दिलेला आकडा, पुरा करण्याचा दबावही जास्त असतो.

हो म्हणण्याआधी

या कामात माझी सगळ्यात मोठी फसगत पहिल्याच वर्षी झाली. एका कंपनीने "फॉर्ममागे इतके" असं तोंडी सांगितलं. दीड महिना मराठवाडा फिरून आल्यावर कळलं, की तपासणीत बाद झालेल्या फॉर्मचे पैसे नाहीत आणि तीन-तीन चकरा मारूनही बंद राहिलेल्या घरांचेही नाहीत. एसटीचं भाडं मीच भरलं होतं. तेव्हापासून निघण्याआधी पुढच्या गोष्टी लेखी घेते, निदान व्हॉट्सॅपवर तरी: दर पूर्ण मुलाखतीमागे आहे की दिवसामागे, बंद घराच्या आणि फेरभेटीच्या चकरेचं काय, फॉर्म कशाकशामुळे बाद होतो आणि तो दुरुस्त करायची संधी मिळते का, प्रवास आणि मुक्काम कुणाकडे, अपघात झाला तर विमा आहे का, आणि पैसे किती दिवसांत.

बंद घराच्या चकरांचे पैसे मिळणार नसतील, तर काम घेण्याआधी पुन्हा विचार करा. अशा ठिकाणी न बोलता तुम्हाला शेजारचं दार वाजवायलाच सांगितलेलं असतं.

प्रशिक्षण: प्रश्न मोठ्याने वाचा

प्रशिक्षणात वह्या भरतात, पण तोंड उघडत नाही. माझा सल्ला असा की अख्खी प्रश्नावली रात्री खोलीत मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवा. छापील मराठी आणि बोलती मराठी यांत केवढं अंतर आहे ते तेव्हाच कळतं. "आपल्या कुटुंबाचे उपजीविकेचे प्रमुख साधन कोणते?" हे वाक्य धुळ्याच्या बाजूला एखाद्या आजीसमोर वाचलंत, तर ती सुनेकडे बघते.

म्हणून प्रश्न आपल्या मनाने बदलायचा का? नाही. आधी जसा आहे तसा वाचा. कळला नाही तर पुन्हा, सावकाश वाचा. तरीही नाही कळला, तर सूचनापुस्तिकेत दिलेल्या शब्दांत समजावून सांगा. आपण मनाने सोपा केलेला प्रश्न हा वेगळाच प्रश्न असतो, कारण टीममधली दुसरी मुलगी तो दुसऱ्याच तऱ्हेने सोपा करत असते. पुस्तिकेतलं स्पष्टीकरणही लोकांना कळत नसेल, तर ते प्रशिक्षणातच बोला. मी बोलले आहे आणि शब्द बदलून मिळालेले आहेत. मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया, नंदुरबारच्या डोंगरात पावरी बोलणारी माणसं भेटणार. तिथे दुभाषी कोण असेल हे निघण्याआधी ठरवून घ्या. घरातलं शाळकरी पोर दुभाषी म्हणून वापरू नका. आईच्या गर्भपाताचा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून विचारायचा नसतो.

पिशवीत काय

गळ्यात ओळखपत्र, अधिकारपत्राच्या चार-पाच प्रती, टॅब, पॉवर बँक आणि टॅब बंद पडला तर लागणारे चार कागदी फॉर्म. पाण्याची बाटली, ओआरएसची पाकिटं, टोपी किंवा ओढणी. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या. चपला झटकन काढता-घालता येतील अशा, कारण दिवसात वीस वेळा काढाव्या लागतात. कपडे साधे, स्वच्छ. मी दागिने घरी ठेवते.

गावात शिरताना

गावात गेल्या गेल्या पहिलं दार वाजवायचं नाही. आधी ग्रामपंचायत. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांपैकी जे भेटतील त्यांना पत्र दाखवा, प्रत द्या, किती दिवस आहोत ते सांगा. मोठ्या कामात पोलीस ठाण्यालाही पत्र दिलेलं असतं. दिलं आहे का, ते आपल्या सुपरवायझरला विचारा. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा एखाद्या तालुक्यात उठलेली असते, आणि अनोळखी माणसं गल्लीत घरं मोजत फिरताना दिसली की जमाव जमायला वेळ लागत नाही. दवंडी असो की पंचायतीच्या ग्रुपवरचा निरोप, गावाला आधी कळू द्या.

अंगणवाडी सेविका आणि आशाताई म्हणजे गावाची चालती-बोलती यादी. त्यांची मदत जरूर घ्या, पण मुलाखतीच्या वेळी त्यांना शेजारी बसवू नका. लसीकरणाचा प्रश्न आशाताईंसमोर विचारला, की सगळी बाळं पूर्ण लसवंत होतात. सरपंच "चला, मीच घरं दाखवतो" म्हणाले, तर आभार मानून पहिल्या चौकापर्यंत या म्हणावं. ते दाखवतात ती घरं चांगल्या रस्त्यावरची असतात. वस्ती, तांडा, पारधी बेड्याकडे पाय आपल्यालाच वळवावे लागतात.

शहरात सरपंचाच्या जागी वॉचमन आणि सेक्रेटरी. फाटकाशी वॉचमनदादांशी हुज्जत घालून कधीच काही मिळालेलं नाही. सेक्रेटरींची वेळ मागा, पत्र सूचनाफलकावर लावायला द्या, दुसऱ्या दिवशी या. चाळीत काम सोपं, कारण दारं उघडी असतात. पण तिथे चार शेजारणी मुलाखतीत सामील होतात, त्याचं पुढे सांगते.

यादी आणि नकाशा

हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणून लोक इथेच चुका करतात. यादी करताना ठरल्या कोपऱ्यातून, बहुतेक ठिकाणी वायव्येकडून, सुरुवात करा आणि एका हाताला भिंत धरून चाला. दारावर खडूने क्रमांक घाला. दुकानाच्या मागे राहणारं कुटुंब, गोठ्याशेजारची खोली, मंदिराच्या ओवरीत राहणारे पुजारी, शाळेच्या आवारातला शिपाई, बांधकामावरचे मजूर, मळ्यातली एकटी झोपडी: ही घरं यादीतून सुटतात आणि नेमकी गरिबांची घरं सुटतात. मी प्रत्येक घरात एक प्रश्न विचारते, "या वाड्यात, मागे-पुढे, माळ्यावर अजून कुणी वेगळी चूल मांडून राहतं का?" हमखास एखादं नाव निघतं.

मग निवड. समजा यादीत 154 कुटुंबं आली आणि 22 हवीत. 154 भागिले 22 म्हणजे 7. एक ते सातमधला एक आकडा चिठ्ठीसारखा निघतो. तो 4 निघाला, तर चौथं घर, मग 11 वं, 18 वं, 25 वं. बस. पंचविसाव्या घरी कुत्रा आहे, बत्तिसावं टेकडीवर आहे, हे त्या गणिताला माहीत नाही. या आंधळेपणामुळेच त्या 22 घरांना अख्ख्या गावाच्या वतीने बोलायचा हक्क मिळतो.

बाजार संशोधनात यादीऐवजी बहुधा उजव्या हाताचा नियम असतो. ठरलेल्या खुणेपासून निघायचं, उजवीकडे वळत जायचं, ठरावीक घरं सोडत दार वाजवायचं. घरात कुणाशी बोलायचं तेही तक्त्यावरून ठरतं. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी 1949 मध्ये मांडलेला तक्ता आजही वापरात आहे. सासूबाई मोकळ्या आहेत आणि तक्त्यात सुनेचं नाव आलं आहे, तर सुनेसाठी थांबा.

दारातलं पहिलं अर्धं मिनिट

दार वाजवून दोन पावलं मागे सरका. दाराला खेटून उभं राहिलेलं माणूस वसुलीवालं वाटतं. ओळखपत्र दिसू द्या. टॅब पिशवीतच ठेवा. समोरून रामराम आला तर रामराम, जय भीम आला तर जय भीम, सलाम आला तर सलाम म्हणा. हाक मारताना तिथली रीत पाळा. सोलापूरकडे अक्का-अण्णा, नागपूरकडे काकाजी, पुण्या-मुंबईत काकू, आणि कुठेही वयस्क बाईला आजी म्हणण्याआधी जरा थांबा. मावशी सगळीकडे चालतं.

मग नाव, कुठून आले, कशासाठी, किती वेळ. वेळ खरा सांगा. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीला "पाचच मिनिटं" म्हणणारा माणूस सहाव्या मिनिटाला खोटा ठरतो, आणि पुढचे सगळे प्रश्न त्या खोट्यावर उभे राहतात.

दोन प्रश्न ठरलेले येतात. पहिला, "आमचंच घर का?" उत्तर असं: "काकू, यादीतून चिठ्ठी टाकल्यासारखं तुमचं घर निघालंय. तुमच्या उत्तरांवरून तुमच्यासारख्या शेकडो घरांची परिस्थिती कळते, म्हणून दुसरं घर घेता येत नाही." दुसरा, "आम्हाला काय मिळणार? घरकुलात नाव येईल का?" इथे मन घट्ट करा. नाही म्हणून सांगा. गळक्या पत्र्याखाली बसून हे सांगताना जीव तुटतो, पण खोटी आशा लावून घेतलेली माहितीही वाकडी असते. योजनेच्या आशेने माणूस म्हैस लपवतो, एकत्र कुटुंब वेगळं सांगतो.

हल्ली तिसरी भीती आहे फसवणुकीची. ती रास्त आहे. स्वतःहूनच सांगा, "आधार क्रमांक, बँकेचा तपशील, ओटीपी यांतलं काहीही मी मागणार नाही. कुणी मागितलं तर देऊ नका." सांगितल्याबरोबर समोरच्याचे खांदे सैल पडलेले दिसतात. आणि नाही म्हणण्याचा हक्क खरोखर द्या. आरोग्य सर्वेक्षणात रक्तासाठी बोट पुढे करण्याआधी तर नक्कीच.

चूल मोजा, छप्पर नको

कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी आणि नेहमी एकत्र राहणारी माणसं. एका घरात दोन चुली असतील तर दोन कुटुंबं. थोरला भाऊ वरच्या मजल्यावर वेगळा शिजवतो, मग तो वेगळा, जरी सातबारा एकच असला तरी. पुण्यात कंपनीत असलेला मुलगा आईच्या लेखी घरातलाच असतो, आणि त्याला वगळा म्हटलं की तिला वाईट वाटतं. तिला म्हणा, "त्याचं नाव आधी सांगा, मी लिहून घेते. आता सांगा, तो महिन्यातून किती दिवस इथे असतो?" नाव लिहू दिलं की पुढचं उत्तर सरळ येतं. सून बाळंतपणाला माहेरी आहे, मुलगी आश्रमशाळेत आहे, आत्या चार दिवसांसाठी आली आहे: प्रत्येकाचा नियम पुस्तिकेत असतो. आरोग्य सर्वेक्षणात "इथे नेहमी राहतात का" आणि "काल रात्री इथे झोपले होते का" असे दोन वेगळे प्रश्न असतात. त्यांची सरमिसळ करू नका.

वय: पाच आणि शून्यावर थांबू नका

"असेल पन्नास." हे उत्तर मी हजारदा ऐकलं आहे. अंदाजाने सांगितलेली वयं 40, 45, 50, 60 अशीच येतात, आणि तपासणाऱ्याला ती गर्दी आकडेवारीत लगेच दिसते. आधार कार्ड बघायचा मोह होईल, पण कितीतरी कार्डांवर 1 जानेवारी किंवा 1 जून ही शाळेच्या मास्तरांनी लावलेलीच तारीख असते. अशा वेळी आठवणीला धरून चला. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967, पानशेतचा पूर 12 जुलै 1961, किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993, मुंबईतला तो पाऊस 26 जुलै 2005. आणि ग्रामीण महाराष्ट्रात सगळ्यांत उपयोगाचा बहात्तरचा दुष्काळ.

लातूरकडे एक आजी वय साठ म्हणाल्या. मी विचारलं, "बहात्तरच्या दुष्काळात कुठं होता आजी?" त्या म्हणाल्या, "खडी फोडाय जात होतो की. सुकडी मिळायची. थोरला कडंवर होता." लग्न न्हाण आल्यावर वर्षभरात झालं, पहिलं बाळंतपण दोन वर्षांनी. हिशेब मांडला तर त्या तेव्हा अठराच्या आसपास असणार. म्हणजे साठ नव्हे, सत्तरीच्या पुढे कधीच गेलेल्या. लहान मुलांसाठी सण विचारा: पोळ्याआधी की नंतर, गौरी-गणपतीत की दिवाळीत. खानदेशात आखाजी, कोकणात शिमगा.

जमीन एकरात सांगतात की गुंठ्यात ते विचारा. 40 गुंठ्यांचा एकर. धान्य पायलीत सांगितलं, तर ते माप आहे, वजन नव्हे. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर तूर काट्यावर सारखी भरत नाहीत. मी एकदा त्याच घरातली पायली भरून वाण्याच्या काट्यावर ठेवली होती.

"मी काही करत नाही, घरीच असते"

सगळ्यात जास्त वेळ मी इथे देते आणि तुम्हीही द्या.

सांगली जिल्ह्यातल्या एका वहिनींनी हेच उत्तर दिलं. घरधनी बाजूला बसले होते, त्यांनीही मान डोलावली. श्रमशक्ती सर्वेक्षणातला कोड 92 टाकला की काम संपलं: फक्त घरकाम. मी विचारलं, "वहिनी, काल सकाळी उठल्यापासून सांगा." पहाटे दोन म्हशींची धार, डेअरीत दूध, शेण काढणं, वैरण कापून आणणं, दुपारी द्राक्षबागेत विरळणी, संध्याकाळी पुन्हा धार. डेअरीचं खातं नवऱ्याच्या नावावर. ही बाई घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी कामगार आहे, तिचा कोड 21. आणि जी स्वतःच्या घरापुरतं सरपण, चारा, रानभाजी गोळा करते किंवा घरच्यांचे कपडे शिवते, तिचा कोड 93. तीन वेगळ्या बायका. विचारणाऱ्याने आळस केला, तर तिघी एकाच रकान्यात जाऊन बसतात आणि मग देशभर चर्चा होते, की आपल्या बायका काम का करत नाहीत.

व्याख्या लक्षात ठेवा. गेल्या 365 दिवसांत बहुतेक काळ काय केलं, हे मुख्य काम. त्याखेरीज 30 दिवस किंवा जास्त केलेलं काम दुय्यम म्हणून नोंदायचं. आणि गेल्या 7 दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं असेल, तरी त्या आठवड्यापुरती ती कामावर. म्हणून मी "काम करता का?" यावर मिळालेल्या नकारावर कधी थांबत नाही. कामांची नावं घेऊन विचारते: खुरपणी, वेचणी, शिवण, पापड-कुरडया विकायला, मेस, शिकवणी, पिको-फॉल, भावाच्या दुकानात बसणं. मात्र नावं घेताना आवाज सपाट ठेवा. "विरळणीला जात असालच ना?" असं म्हटलंत तर ते तुमचं उत्तर झालं.

खर्चाच्या प्रश्नावलीतही तीच चिकाटी लागते. भाजी, तेल, अंडी, मांस-मासळी, पान-तंबाखू यांची विचारणा गेल्या 7 दिवसांची. डाळी, तांदूळ, ज्वारी गेल्या 30 दिवसांची. कपडे, शिक्षण, दवाखान्यात भरती झाल्याचा खर्च 365 दिवसांचा. कालखंड बदलला की प्रत्येक वेळी तोंडाने सांगा: "आता पूर्ण वर्षाचं विचारते हं." घरची ज्वारी, घरचं दूध, रेशनचं धान्य "विकत घेतलं नाही" म्हणून सुटतं. पुरुषांना भाजीचे भाव ठाऊक नसतात आणि बायकांना तंबाखूचा खर्च खरा सांगितलेला नसतो. दोघंही हजर असतील तर बरं.

एकांत

सासू दाराशी, जाऊ खिडकीत, शेजारीण पायरीवर. बाळंतपणं, कुटुंबनियोजन, मारहाण असे प्रश्न या गर्दीत विचारायचे नाहीत. मी टीममधल्या जोडीदाराला पुढे करते. तो सासूबाईंना घराची, जमिनीची माहिती विचारत ओसरीवर बसवतो आणि मी सुनेबरोबर परसात जाते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसाचाराचे प्रश्न घरातल्या एकाच निवडलेल्या बाईला विचारतात, आणि एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून द्यायचा असतो. नियमच तसा आहे, कारण आपण निघून जातो आणि ती बाई तिथेच राहते. मध्येच कुणी आलं तर मी विषय बदलून लसीकरणावर येते. ही युक्ती मुलाखतीआधी तिच्याशी ठरवूनच ठेवा.

ती रडली तर पेन खाली ठेवा. पाणी द्या, गप्प बसा. मदत कुठे मिळते त्याची माहिती प्रशिक्षणात दिलेली असते, ती सांगा. त्या माहितीचा कागद तिच्या हातात मात्र देऊ नका, तिने मागितला तरच द्या. आणि ऐकलेलं कुठेही बोलू नका, टीमच्या जेवणातसुद्धा नाही. सरकारी सर्वेक्षणात तर 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्यानेच ही गुप्तता बांधून दिली आहे.

कुत्री, ऊन, अंधार

बायकांनी शक्यतो जोडीने फिरावं, एका गल्लीत दोघी. घरात एकटा पुरुष असेल तर ओसरीवर किंवा दारात बसून मुलाखत घ्या. लाइव्ह लोकेशन टीमला चालू ठेवा. मन कच खात असेल, तर मुलाखत अर्धी सोडून निघा. 112 लक्षात असू द्या. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घ्या. हळद, चुना काही लावू नका. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर-नागपूरकडे पहाटे साडेसहाला सुरुवात, अकराला बंद, पुन्हा पाचनंतर. दुपारी तिथे दार वाजवणं हा घरातल्यांनाही त्रासच.

मासिक पाळीची सोय, स्वच्छतागृह हे प्रश्न कुणी प्रशिक्षणात काढत नाही. मी सकाळीच अंगणवाडीताईंना किंवा शाळेतल्या बाईंना विचारून ठेवते. संकोच करून पाणी कमी पिणाऱ्या कितीतरी मुली उन्हाळी लागून आजारी पडलेल्या पाहिल्या आहेत.

रात्रीचा तास

मुक्कामी पोचल्यावर आधी टॅब चार्जिंगला, मग अंघोळ, मग तपासणी. पती 32 आणि मुलगा 20, असं काही दिसलं तर उद्या त्याच गावात असेपर्यंत विचारता येतं. रेंज मिळेल तिथे डेटा पाठवा. "इतर" या रकान्यात काय लिहिलं ते स्वतःला वाचता येतंय का बघा.

आणि खोलीवर बसून फॉर्म भरण्याचा विचार येईल तो याच वेळी. थकल्यावर तो सगळ्यांनाच येतो. यंत्रं पकडतातच: मुलाखतीला लागलेला वेळ, ठिकाणाची नोंद, आवाजाचा तुकडा. दुसरं माणूस त्याच घरी जाऊन चार प्रश्न पुन्हा विचारतं. पण पकडलं गेलं नाही तरी काय होतं ते सांगते. रचलेल्या घरात सगळं सरासरी असतं. दोन मुलं, थोडी शेती, बरी तब्येत. तिसरीपर्यंत शिकून शाळा सुटलेली, सहा महिने कारखान्यावर असणारी, कुपोषित जुळी असलेली बाई तुमच्या कल्पनेत येत नाही. तिच्याचसाठी सरकारने आणि इतक्या माणसांनी हा खर्च केलेला असतो.

बंद दार

आता पुन्हा केजकडे. बंद घराकडे किमान 3 वेळा, वेगवेगळ्या वेळी जायचं: सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि जमलं तर सुटीच्या दिवशी. मुंबईत दोघं नोकरी करणारी घरं रविवारी सकाळी सापडतात. कोकणातल्या वाड्यांत चाकरमान्यांची घरं गणपती आणि शिमग्याखेरीज उघडतच नाहीत. शेजाऱ्यांना विचारायचं ते "कधी भेटतील?" एवढंच. उत्तरं शेजाऱ्यांकडून घ्यायची नाहीत.

मग नोंद. 'त्या वेळी घरी कुणी नाही', 'कुटुंब दीर्घकाळ बाहेर', 'नकार दिला', 'घर रिकामं', 'घर सापडलं नाही' यांचे कोड वेगळे आहेत, कारण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. प्रतिसादाचं प्रमाण आणि पुढचं वजन, म्हणजे एक घर किती घरांच्या वतीने मोजायचं ते, याच कोडांवरून ठरतं. ज्यात कुणी राहतच नाही ते रिकामं. जे लोक सहा महिन्यांसाठी कारखान्यावर गेले त्यांचं घर रिकामं नव्हे.

त्या मुलीला घेऊन मी दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेले. कुलूप असलेल्या तीन घरांच्या मागच्या पडवीत म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडं सापडली. पुढच्या दाराला कुलूप लावून मागच्या खोलीत राहत होती. सून-मुलगा कोयत्यावर, उचल फेडायची होती. तिथे तीन पूर्ण मुलाखती झाल्या. एका आजोबांनी कारखान्यावर फोन लावून दिला. संध्याकाळी त्यांची वेगळी राहणारी धाकटी सून, म्हणजे चौथं कुलूप, शेळ्यांसाठी दोन दिवस गावी येणार असल्याचं कळलं, आणि तिची मुलाखत तिसऱ्या दिवशी झाली. उरलेली पाच दारं तिन्ही वेळा बंदच होती.

त्या पाचांच्या नोंदीत मुलीने स्वतः लिहिलं: "कुटुंब दीर्घकाळ बाहेर. ऊसतोड. दिवाळीनंतर गेले, उन्हाळ्यात परततील. शेजाऱ्यांकडून खात्री केली, तीन भेटी." मग प्रत्येक दाराखालून आमच्या भेटीची चिठ्ठी सरकवली, पंचायतीत जाऊन काम संपल्याचं सांगितलं, आणि आम्ही सहाची एसटी पकडली.